म्हैस न घेणाऱ्या दोघी

आमच्या मैत्रीला चाळीस वर्षं होत आली तेव्हा ती जवळजवळ मोबाईलमध्येच राहायला गेली होती. मी शेवगावात, मैत्रीण देवळाली प्रवऱ्यात. रोज सकाळी ती मला गुलाबाचं चित्र पाठवायची, मी तिला उगवत्या सूर्याचं. दोघींच्या घरचे म्हणायचे, केवढी मैत्री तुमची! आणि आम्हालाही ते खरं वाटायचं.

नगरच्या डी.एड. कॉलेजच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. मी भिक्षुकीवर चाललेल्या घरातली, ती पिढ्यान्‌पिढ्या कपडे शिवणाऱ्या मुसलमान घरातली. मी अभ्यासात हुशार आणि बाकी सगळ्या बाबतीत मंद. ती नेमकी उलट. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला मानसशास्त्र शिकवायचे आणि ती मला साडी नेसवायची. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेतले. तिचं लग्न नोकरीच्या आधी झालं, मग तिने घरातच चार मशिनी टाकल्या आणि अख्ख्या देवळालीचे ब्लाउज शिवले. बदल्या, बाळंतपणं, सासू-सासऱ्यांची दुखणी, पोरांची लग्नं. भेटणं मागे पडत गेलं. "भेटू या गं एकदा" हे वाक्य आम्ही इतक्यांदा म्हटलं, की त्याचा अर्थ "बरं, ठेवते फोन" एवढाच उरला होता.

मी निवृत्त झाले त्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"बाई, उद्यापासून तुझा सूर्य पाठवू नको."

शाळेतली पोरं मला बाई म्हणतात हे तिला फार पूर्वीच कळलं होतं. तेव्हापासून मी तिचीही बाईच.

"का गं? काय झालं?"

"आज नातीनं इचारलं, तुझी मैत्रीण दिसायला कशी हाय. मी म्हनले, बारीक हाय, गोरी हाय, दोन वेण्या घालती. तर ती म्हनती, दादी, साठ वर्षांची बाई दोन वेण्या घालती?"

मी हसायला लागले. ती हसली नाही.

"हसू नको. मला खरंच तुझं आत्ताचं तोंड आठवंना. सात वर्षं झाली बघून. तू हितं ये म्हनलं की तुझं काम निघतं, मी तिथं येते म्हनलं की माझं. दोघींच्या मधोमध काय हाय ते सांग."

मी भूगोल शिकवलेला. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढला, जेवणाच्या टेबलावर पसरला, शेवगाव ते देवळाली पट्टी ठेवली आणि मध्यावर बोट टेकवलं.

"घोडेगाव," मी म्हणाले.

"जनावरांच्या बाजाराचं?"

"तेच."

"मग बाजाराच्या दिवशीच भेटू. गाड्या लई असत्यात त्या दिवशी."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "दोन बायका गुरांच्या बाजारात करणार काय?"

"बोलणार."

"त्यासाठी म्हशी कशाला हव्यात?"

 पण जायचं ठरलं होतं. फोनवर आम्ही नियमही ठरवून घेतले. घरचं कुणी बरोबर आणायचं नाही. दुखणी पहिल्या पंधरा मिनिटांत उरकायची. आणि "पुढच्या वेळी बघू" असं म्हणायचं नाही, पुढचा बाजार कोणता ते निघायच्या आधी ठरवून टाकायचं.

त्या दिवशी घोडेगावच्या रस्त्याला मी तासभर आधीच उतरले. टेम्पोतून म्हशी उतरत होत्या, माणसं दाव्यांना लोंबकळत ओरडत होती, धुळीने समोरचं धड दिसत नव्हतं. तिच्या राहुरीकडून येणारी प्रत्येक काळीपिवळी जीप मी निरखत होते आणि तीतून एक सडपातळ, खट्याळ डोळ्यांची मुलगी उतरण्याची वाट बघत होते. तेवढ्यात चष्मा लावलेली एक जाडजूड बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आगं, तू तर तुझ्या आईसारखी दिसाया लागली की!"

आम्ही भर बाजारात एकमेकींना मिठी मारली. बाजूच्या एका बैलाने मान वळवून बघितलं.

आता बसायचं कुठे? हॉटेलांची बाकडी माणसांनी भरलेली, सौदे चाललेले. शेवटी एका लिंबाच्या झाडाखाली दगडाचा ओटा सापडला. आम्ही डबे उघडले. माझी थालीपिठं, तिचा खिमा नव्हे, माझ्यासाठी म्हणून मुद्दाम केलेली मेथीची भाजी आणि चपात्या. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच काठी आपटत एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला पटका, मिशा पांढऱ्या, धोतर गुडघ्यापर्यंत. बाजारातले जुने दलाल असावेत.

"आक्का, ही जागा गिऱ्हाइकाची हाय," ते म्हणाले. "जनावर घ्यायचं असंल तर बसा."

मी डबा बंद करायला लागले. मैत्रिणीने माझा हात धरला.

"घ्यायचंय की," ती म्हणाली. "म्हैस."

मी तिच्याकडे बघत राहिले. दलालबाबांनी लगेच तीन म्हशी पुढ्यात आणल्या. मैत्रीण डबा बाजूला ठेवून उठली आणि खाकरून कामाला लागली. दुसऱ्या वेताची का तिसऱ्या? कास कशी आहे? खाली पिलू काय आहे, रेडा का वगार? पान्हा सहज सोडते का पेंड दाखवावी लागते? एकेक प्रश्न असा की बाबांची मान आदराने हलू लागली. आपणही काहीतरी विचारावं, नाहीतर बिंग फुटेल, असं मला वाटलं.

"स्वभावानं कशी आहे ही?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "का? लगीन जमवायचंय का तिचं?"

मैत्रीण पदराआड तोंड लपवून इतकी हसली की तिला ठसका लागला. तीनही म्हशी आम्ही नापसंत केल्या. एकीची शिंगं जास्त वळलेली, एकीचा रंग भुरका, तिसरीची नजर बरी नव्हती. "पुन्यांदा या," बाबा म्हणाले. "बसा, बसा, जेवा निवांत."

अशा आम्ही गिऱ्हाईक झालो. दर महिन्याला एकदा, ठरल्या बाजाराला, त्याच ओट्यावर. दुसऱ्या खेपेला बाबांनी पोतं अंथरून ठेवलं होतं. तिसऱ्या खेपेला न सांगता चहा आला. ते म्हशी दाखवायचे, आम्ही खोडी काढायचो. एकीला मी "आळशी वाटते" म्हणून नाकारलं. एकीला मैत्रिणीने "घरात सुना हायेत, हिचा आवाज लई मोठा" म्हणून. बाजारात लोक आम्हाला "म्हशीवाल्या बाया" म्हणू लागले. आम्हाला त्याचा कोण अभिमान!

आणि मधल्या वेळात आम्ही बोलायचो. सात वर्षांचं, मग त्याआधीचं, मग अगदी कालचं. फोनवर जे कधीच निघालं नव्हतं ते तिथे म्हशींच्या हंबरण्यात आपोआप निघायचं. एकदा मी तिला सांगितलं की निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडेदहाला मी पर्स खांद्याला लावून दारापर्यंत जाते, आणि मग आठवतं. घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं. ती आधी खूप हसली. मग चष्मा काढून पुसत बसली.

"माझ्या मशिनी बंद हायेत सहा महिने झालं," ती म्हणाली. "लोकं रेडिमेड घेत्यात. आन मला सुईच्या नेढ्यात दोरा घालता येईना. पन पाय अजून मशीन मारल्यागत हालत्यात, बसल्या जागी. ह्यो बघ."

खरंच तिचा पाय हलत होता.

हे असं सात-आठ महिने चाललं. मग एका बाजाराला बाबा आमची वाट बघत रस्त्यापर्यंतच आले होते.

"आज तुमची म्हैस आली बगा," ते म्हणाले.

आणि खरंच आली होती. आम्ही आजवर जी जी खोड काढली होती ती एकही तिच्यात नव्हती. काळीभोर, शिंगं बेताची, नजर शांत, आवाज हलका. दुसऱ्या वेताची, खाली पंधरा दिवसांची वगार. बाबा लिंबाला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. आम्ही दोघी म्हशीपुढे उभ्या.  इतक्या महिन्यांचं खोटं आता समोर येऊन शेपूट हलवत होतं.  मैत्रीण नुसती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. खरं बोलावं, असं मी आयुष्यभर पोरांना सांगितलेलं.

"बाबा, माफ करा," मी म्हणाले. "आम्हाला म्हैस घ्यायचीच नव्हती. कधीच. आम्ही नुसत्या भेटायला येतो. आम्ही काय करणार म्हशीचं?"

बाबा काही बोलायच्या आत मैत्रीण गर्रकन वळली.

"आमाला? आमाला म्हंजे कुनाला?"

"अगं, आपल्याला."

"तुला न्हाई घ्यायची. मला इचारलं का तू?"

मला वाटलं ती नाटक करते आहे. मी हळूच म्हणाले, "अगं, पुरे आता."

"पुरे न्हाई!" तिचा चेहरा लाल झाला होता. "कॉलेजात बी असंच. सरांनी इचारलं, स्नेहसंमेलनाच्या नाटकात कोन काम करनार? तू माझा हात धरून उठली आन म्हनली, आमाला न्हाई करायचं सर, आमचा अभ्यास हाय. मला करायचं हुतं! पाटलीनीचं काम हुतं. मला समदं पाठ हुतं ते!"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू बोलू देतीस व्हय?"

असं म्हणून तिने पिशवी उचलली आणि राहुरीच्या गाडीकडे चालू लागली. डबा न उघडता. पुढचा बाजार न ठरवता. म्हशी, दलाल, गिऱ्हाइकं सगळी माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या पाटलिणीवरून मी भर बाजारात उघडी पडले होते.

महिना गेला. मी तिला फोन केला नाही, तिने मला. मीही रागात होते. खरं बोलले, त्यात माझं काय चुकलं? हा प्रश्न मी नवऱ्याला इतक्यांदा विचारला की एके दिवशी ते म्हणाले, "मला विचारून काय उपयोग? माझं उत्तर तू आधीच देऊन ठेवतेस."

ते सहज बोलून गेले. मला मात्र ते वाक्य दोन दिवस सोडेना. मग आठवू लागलं. ती काय खाणार, कुठल्या बसने जाणार, तिला थंडी वाजते का, सगळं मीच सांगत आले होते. वसतिगृहात आमचा परिचय करून द्यायचा असेल तर मी दोघींची नावं सांगायचे. मेथीची भाजी माझ्यासाठी तिने करून आणली होती; तिला काय आवडतं हे तिला मी कधी विचारलं होतं? माझ्या मते तिला थालीपीठ आवडतं. म्हणजे मला.

पुढच्या बाजाराला मी एकटीच घोडेगावला गेले. येईल, असं वाटत होतं. ती आली नाही. बाबा मात्र होते. ओट्यावर पोतं अंथरलेलंच होतं.

"बाबा, तुम्हाला फार त्रास दिला," मी म्हणाले. "खोटं बोललो तुमच्याशी."

ते मिशीत हसले. "आक्का, म्हैस घ्यायला येनारं मानूस डबा घेऊन येत न्हाई. मला पैल्याच दिशी कळलं हुतं."

"मग इतक्या म्हशी कशाला दाखवल्या?"

"दाखवाया काय जातंय? म्हशी हितंच हुत्या. आन तुमी दोघी त्या म्हशींच्या ज्या खोडी काढायच्या ना, त्या ऐकाया आमी समदे वाट बघायचो. ती आळशी म्हैस तर घेनाऱ्यानं मुद्दाम घेतली. म्हनला, बाईंनी आळशी म्हनली म्हंजे मारकी नसनार."

मी हसले, पण डोळे भरून आले होते. विषय बदलायला मी विचारलं, "आणि ती आमची? काळी?"

"ती इकली की. देवळालीला गेली."

"देवळालीला? कुणाकडे?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तुमाला ठावं न्हाई? दुसऱ्याच आठवड्याला आल्या हुत्या त्या. नवऱ्याला घिऊन."

मी परत शेवगावला जायच्या गाडीत बसलेच नाही. समोर राहुरीची काळीपिवळी भरत होती, तिच्यात मागच्या बाकावर दाटीवाटीने जागा धरली. फोन केला नाही. फोन केला तर ती "येऊ नको" म्हणेल आणि मग मला ते ऐकावं लागेल, असा माझा हिशेब होता. राहुरीत गाडी बदलली. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे आम्ही बैलगाडीच्या गतीने. मनात मी माफीचं भाषण तयार करत होते. सुरुवात, मध्य, समारोप, सगळं मुद्देसूद.

तिच्या घराच्या दारात तिची सून होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. ती मला खाला, म्हणजे मावशी म्हणते. "या खाला. अम्मी मागं हायेत. जपून जा, ती लाथ मारती."

"कोण? अम्मी?"

"म्हैस," ती म्हणाली, पण हसू तिला आवरेना.

घरामागे नव्या पत्र्याचं शेड होतं. आत बाजारातली ती शांत नजरेची म्हैस कान मागे पाडून उभी होती. मैत्रीण बादली मांडीत धरून खाली उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेला, चष्म्यावर दुधाचे शिंतोडे. तिचे मिस्टर वगारीला दोराने धरून एका कोपऱ्यात उभे होते आणि तिथून सूचना देत होते.

मी भाषणाला सुरुवात केली. "हे बघ, मी तुझी माफी मागायला..."

"शेपूट धर," ती मान वर न करता म्हणाली.

"काय?"

"शेपूट धर आदी! तोंडावर मारती ती माझ्या. ह्यांना दोन हात, दोन्ही वगारीला लागत्यात."

मी पर्स खांद्यावरून काढून मागोमाग आलेल्या सुनेकडे दिली, पुढे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हशीचं शेपूट धरलं. ते मला वाटलं होतं त्याहून जड आणि ओलं होतं. म्हशीने क्षणभर विचार केला आणि शेपटाला एक हिसका दिला. शेण माझ्या गालावरून, चष्म्यावरून थेट कपाळापर्यंत गेलं.

 तिचे मिस्टर म्हणाले, "बाई, तुमी सोडा, मी बघतो." मी शेपूट सोडलं नाही. मैत्रिणीने वर बघितलं. तिचे ओठ थरथरले आणि मग ती बादलीवर कोसळते की काय इतकी हसायला लागली. मीही हसले. म्हैस मात्र त्या गोंधळात कशी कोण जाणे शांत झाली आणि दुधाची धार बादलीत वाजायला लागली.

"बोल आता," धार काढता काढता ती म्हणाली. "काय म्हनत हुती?"

मनातलं भाषण पार पुसलं गेलं होतं. मी एवढंच म्हणाले, "मला वाटायचं मला तुझं सगळं माहीत आहे."

"व्हय. तेच तर."

"पाटलिणीचं मला खरंच माहीत नव्हतं."

"मी बी सांगितलं न्हाई कदी. चाळीस वर्षं मनात धरून बसले. माझी बी चूकच हाय की." तिने बादली सावरली. "म्हशीचं बी मलाच ठावं नव्हतं गं. नुसती गंमत चाललेली. पन तू म्हनली, आमी काय करनार म्हशीचं, तवा माझ्या ध्यानात आलं, की मला काय करायचं ते मला पक्कं म्हाईत हाय. सुई दिसत न्हाई, म्हैस तर दिसती! हातापायाला काम पायजे मला."

तिच्या मिस्टरांनी कोपऱ्यातून पुस्ती जोडली, "आमच्या हाताला बी लागलंय आता."

मी तोंड धुऊन आले तेव्हा चूल-गॅस दोन्ही पेटले होते. मैत्रीण म्हणाली, "रात्री राहायचं हाय तुला." मग थांबली आणि म्हणाली, "म्हंजे, राहतीस का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा हसलो. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की मुक्काम आहे. त्यांनी विचारलं, "घोडेगावात?" मी म्हणाले, "नाही, म्हशीकडे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चाळीस वर्षं नसली तरी पस्तीस वर्षं तेही मला ओळखून आहेत.

जेवताना मी तिला पहिल्यांदा विचारलं की तिला खायला काय आवडतं. तिला कुळथाचे शेंगोळे आवडतात. थालीपीठ तिला लहानपणापासून आवडत नाही; सात-आठ महिने ती माझी थालीपिठं घरी नेऊन नवऱ्याला देत होती. ते म्हणाले, "मला आवडत्यात, बाई. बंद करू नका."

आता तिला बाजारच्या दिवशी दिवसभर बाहेर राहता येत नाही. संध्याकाळच्या धारेला ती लागतेच, म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही. म्हणून महिन्यातून दोन दिवस, बाजाराचा दिवस धरून, मीच देवळालीला जाते. मध्यापर्यंत दोघींनी सारखं यायचं हे आमचं गणित मोडलं, आणि कुणाला किती पडलं ते कुणी मोजलं नाही. जाताना घोडेगावात गाडी बदलते तेव्हा लिंबाखाली बाबांना भेटते. ते म्हशीची खुशाली विचारतात, मग मैत्रिणीची, त्याच क्रमाने.

गेल्या खेपेला तिने मला धार काढायला बसवलं. मी अर्धा तास बसले. अंगठा कसा धरायचा, मूठ कशी आवळायची, सगळं तिने तीनतीनदा दाखवलं. एक थेंब आला नाही. म्हैस मागे वळून माझ्याकडे बघत होती.

"तिच्याशी गोड बोल जरा," मैत्रीण म्हणाली.

"बोलतेच आहे की."

"बोलत न्हाईस. शाळा तपासाया आलेल्या सायबागत दरडावतीस. सरक."

ती माझ्या जागी बसली, म्हशीच्या मांडीवर थाप मारली आणि हलक्या आवाजात तिच्याशी त्यांच्या घरच्या दखनी बोलीत काहीतरी बोलू लागली. मी शेजारी पाटावर बसून ऐकत राहिले. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. काय बोललीस म्हणून मी विचारणार होते, पण धार सुरू झाली होती, म्हणून थांबले.